आयरिश भाषेला कायदा आहे, घर कुठंय?

आयर्लंडच्या राज्यघटनेतलं आठवं कलम अगदी छोटंसं आहे. आयरिश ही राष्ट्रभाषा म्हणून पहिली अधिकृत भाषा आणि इंग्रजीला दुसरी अधिकृत भाषा म्हणून मान्यता, एवढंच. १९३७ ची घटना आहे ही. म्हणजे ज्या देशात रस्त्यावर, दुकानात, ऑफिसात, अगदी संसदेतसुद्धा बहुतेक वेळ इंग्रजीच कानावर पडतं त्या देशात कागदावर मात्र इंग्रजी दुसऱ्या नंबरवर आहे. आणि हे नुसतं मानपान नाही, पुढे २५व्या कलमात असंही लिहिलंय की घटनेच्या दोन भाषांतल्या मजकुरात फरक निघाला तर आयरिश मजकूर खरा धरायचा.

याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण राष्ट्राध्यक्षाच्या वयाचं. इंग्रजी वाचलं तर पस्तिसाव्या वर्षात पोचलेला नागरिक असं आहे, म्हणजे काटेकोर अर्थ लावला तर चौतीस पूर्ण झाले की उमेदवारी चालेल. आयरिशमध्ये सरळ लिहिलंय की ३५ वर्षं पूर्ण झालेली हवीत. त्यामुळे चालतं ते आयरिशच. रोज बोलणारे लाखभर लोकही नाहीत आणि देशाच्या सर्वोच्च कायद्यात शेवटचा शब्द त्या भाषेचा, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार भारी वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर आजही वाटतं. पण या देशात राहायला लागल्यापासून जे दिसतंय, वाचतेय, त्यावरून हळूहळू एक गोष्ट पक्की होत गेलीय. कायद्यात हक्क लिहिलेला असणं आणि तो मिळणं यात फार अंतर आहे, आणि ते अंतर दरवेळी कुणीतरी हट्टी माणूस कोर्टात जाऊन, मोर्चा काढून नाहीतर सरळ नियम मोडून कापतं, सरकार आपणहून क्वचितच. आज त्याबद्दलच लिहायचंय.

आम्ही गॉलवेत राहतो, पश्चिम किनाऱ्यावर. शहराच्या बाहेर पश्चिमेला समुद्राकाठच्या रस्त्याने निघालात की अर्ध्या तासाच्या आत गेल्टाख्त सुरू होतं, म्हणजे जिथे आयरिश ही अजून गावाची भाषा आहे असं सरकारने ठरवून दिलेला भाग. कोनमारा, डोनेगल, मेयो, केरी, कॉर्क आणि वॉटरफर्डमधले काही तुकडे, आणि मीथमध्ये डब्लिनपासून फार लांब नसलेला एक छोटा भाग, जिथे १९३५ मध्ये कोनमारातल्या गरीब कुटुंबांना जमीन देऊन वसवलं होतं आणि ती माणसं आपली भाषा घेऊन गेली आणि अजून टिकवून आहेत. (त्या गावाला गेल्टाख्त म्हणून मान्यता मिळायला १९६७ उजाडलं आणि तीही भांडूनच.)

आकडे सांगते म्हणजे चित्र कळेल. २०२२ च्या जनगणनेत १८,७३,९९७ लोकांनी सांगितलं की आम्हाला आयरिश बोलता येतं, म्हणजे साधारण ४० टक्के. ऐकायला मस्त. पण शाळा-कॉलेजच्या बाहेर रोज बोलणारे किती, तर ७१,९६८. आणि त्यातले खुद्द गेल्टाख्तमधले फक्त २०,२६१. येतं म्हणणाऱ्यांपैकीसुद्धा जेमतेम १० टक्के म्हणाले की आम्ही उत्तम बोलतो. बाकीच्यांचं आयरिश म्हणजे शाळेत बारा-तेरा वर्षं शिकलेलं आणि नंतर गंजलेलं. माझी मुलगी इथल्या साध्या इंग्रजी शाळेत जाते, तिलाही आयरिश आहे, आणि सगळ्या देशाला पाठ असलेलं ते एक वाक्य, बाई मी टॉयलेटला जाऊ का, ते ती घरी सुद्धा म्हणते. तिला ही भाषा आवडते, गाणी येतात, मला बरं वाटतं. परदेशातून येणारी मुलं बारा वर्षांची किंवा मोठी असतील तर त्यांना आयरिशमधून सूट मिळू शकते, बरेच भारतीय आईबाप ती घेतात, त्यांना मी नावं ठेवत नाही, त्या वयात नवी भाषा जड जाते. पण लहान मुलांना शिकू द्यावं असं माझं मनापासून मत आहे.

आता ही भाषा इतकी खाली आली कशी तर त्यातही कायद्याचाच हात आहे. १३६६ चे किलकेनीचे कायदे, ज्यात इंग्लंडहून येऊन इथे वसलेल्यांना आयरिश बोलायला बंदी केली होती कारण ते लोक इथलेच होऊन चालले होते, आणि तो कायदा लिहिला होता तोही इंग्रजीत नाही तर नॉर्मन फ्रेंचमध्ये, राज्यकर्त्यांची भाषा तेव्हा ती होती. मग १७३७ चा कायदा, कोर्टाचं सगळं कामकाज इंग्रजीतच, दुसरी भाषा वापरली तर २० पौंड दंड. तेव्हाचे २० पौंड म्हणजे गरिबाला आयुष्यात बघायला मिळणार नाहीत एवढी रक्कम. १८३१ पासून सरकारी प्राथमिक शाळा आल्या, इंग्रजी माध्यमाच्या. आणि मग १८४५ चा बटाट्याचा दुष्काळ. दहा लाखाच्या आसपास माणसं मेली, तेवढीच किंवा त्याहून जास्त बोटीत बसून अमेरिकेला, इंग्लंडला गेली, आणि मेली-गेली ती मुख्यत्वे पश्चिमेची, गरीब, आयरिश बोलणारीच. त्यानंतर मागे राहिलेल्या आईबापांनी ठरवलं की पोराला जगवायचं तर इंग्रजी हवं. त्यांना दोष कोण देणार. उपाशी मेलेली गावं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली होती.

१९२२ ला स्वातंत्र्य मिळालं आणि नव्या सरकारने आयरिश शाळेत सक्तीची केली, सरकारी नोकरीला सक्तीची केली. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड, १९३८ चे, हे तर आयरिश भाषेसाठी काढलेल्या कॉनरा ना गेलगा या संस्थेचे संस्थापकच होते, १८९३ पासूनचे. पण सक्ती फक्त मुलांवर आणि नोकरी मागणाऱ्यांवर होती, सरकारने स्वतःवर काहीच बंधन घालून घेतलं नाही. गेल्टाख्तमधला शेतकरी तहसीलसारख्या ऑफिसात गेला तर समोरचा इंग्रजीतच बोलणार. फॉर्म इंग्रजीत. पोलिस इंग्रजीत. १९७३-७४ मध्ये तर शाळेची शेवटची परीक्षा पास व्हायला आयरिश पास असण्याची अट काढली आणि सरकारी नोकरीची अटही काढली. भाषा देव्हाऱ्यात ठेवली, रोज हळदकुंकू वाहिलं आणि स्वयंपाकघरात मात्र येऊ दिली नाही, असंच मला हे वाटतं.

मग एका माणसाने कोर्टात प्रश्न विचारला. केस तशी काही अभिमानाची नव्हती, दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप होता त्याच्यावर. तो म्हणाला मला माझा खटला आयरिशमध्ये लढवायचाय, तर ज्या कायद्याखाली तुम्ही मला पकडलंय त्या कायद्याची आणि कोर्टाच्या नियमांची अधिकृत आयरिश प्रत मला द्या. आणि प्रत नव्हतीच! घटनेत लिहिलंय की राष्ट्राध्यक्षाने एका भाषेतल्या विधेयकावर सही केली की दुसऱ्या भाषेत अधिकृत भाषांतर निघालंच पाहिजे, पण हे काम वर्षानुवर्षं तुंबून पडलं होतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. केस सुप्रीम कोर्टात गेली, ओ बोलॉन विरुद्ध फाही, २००१. न्यायमूर्ती हार्डिमन यांनी सरकारला चांगलंच सुनावलं आणि कोर्टाने सांगितलं की भाषांतर देणं ही सरकारची घटनात्मक जबाबदारी आहे, मर्जीचा प्रश्न नाही. दोन वर्षांनी २००३ चा अधिकृत भाषा कायदा आला त्यामागे बाकी बरीच आंदोलनं होतीच पण हा निकाल मोठा धक्का होता. एक साधी ड्रिंक अँड ड्राइव्हची केस.

सगळे निकाल असे लागत नाहीत हेही सांगायला हवं. २०१४ मध्ये कोनमारातला एक आरोपी सुप्रीम कोर्टापर्यंत गेला की माझ्या खटल्यातल्या ज्युरीला, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या बारा सामान्य नागरिकांना, आयरिश कळलं पाहिजे, दुभाष्याच्या तोंडून नको. कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी नाही म्हटलं. कारण काय तर ज्युरी ही सगळ्या समाजातून निवडायची असते आणि आयरिश नीट समजण्याची अट घातली तर बहुतेक समाजच बाहेर पडेल. एकटे हार्डिमन विरोधात गेले. मला बहुमताचं म्हणणं समजतं, पण त्याचा अर्थ असा होतो की भाषा कमजोर झालीय म्हणून हक्क देता येत नाही, आणि हक्क मिळत नाही म्हणून भाषा अजून कमजोर होते. पहिल्या अधिकृत भाषेत बोलणाऱ्या माणसाचं म्हणणं बारा जण हेडफोन लावून ऐकणार, हे मला पटत नाही.

२००३ च्या कायद्याने भाषा आयुक्त हे पद आणलं. पहिले आयुक्त शॉन ओ कुराँय, २००४ पासून. लोकांनी तक्रार करायची, त्यांनी चौकशी करायची. त्यांच्या एका अहवालात एक प्रसंग आहे तो मी विसरू शकत नाही. डब्लिनमध्ये एका तरुणाला पोलिसांनी ट्रॅफिकच्या कारणावरून थांबवलं, तो आयरिशमध्ये बोलला, तर त्याला बेड्या घालून चौकीत नेलं आणि आयरिश बोलणारा पोलिस सापडेपर्यंत बसवून ठेवलं. स्वतःच्या देशात, घटनेतल्या पहिल्या भाषेत बोलला म्हणून. परकीय राज्यात नाही, स्वतंत्र होऊन ऐंशीपेक्षा जास्त वर्षं झाल्यावर.

या कायद्यात एक मोठी पळवाट होती. प्रत्येक सरकारी खात्याने आपापली भाषा योजना बनवायची आणि मंत्र्याकडून मंजूर करून घ्यायची, म्हणजे कुठल्या सेवा आयरिशमध्ये देणार ते खातंच ठरवणार. मग काय होणार, योजना पातळ होत गेल्या, मुदत संपली तरी नव्या आल्या नाहीत. शेवटी डिसेंबर २०१३ मध्ये ओ कुराँय यांनी मुदत शिल्लक असताना राजीनामा जाहीर केला, सरळ संसदेच्या समितीसमोर. सरकार मनापासून काही करत नाही तर मी या खुर्चीत बसून देखावा का करू, असा त्यांचा मुद्दा होता. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. चांगलं पद, पगार, मान सगळं होतं, आणि त्यांनी ते सोडलं तेव्हाच लोकांना खरं काय चाललंय ते कळलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये डब्लिनच्या रस्त्यावर हजारो लोक लाल कपडे घालून उतरले, रागाचा लाल रंग. नंतर उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टमध्येही तोच रंग आला.

त्या रागातूनच, सात वर्षं उशिरा का होईना, २०२१ ची दुरुस्ती आली. ही मात्र दमदार आहे. २०३० संपेपर्यंत सरकारी नोकरीत नव्याने घेतलेल्या लोकांतले २० टक्के आयरिश येणारे असले पाहिजेत. सरकारी जाहिरातींतल्या २० टक्के आयरिशमध्ये आणि जाहिरातीच्या पैशातले ५ टक्के आयरिश माध्यमांना. खात्यांनी आपल्या सोयीच्या योजना करण्याऐवजी सगळ्यांना लागू होणारे ठरलेले निकष. आणि नावांबद्दलची तरतूद, म्हणजे आयरिश नावातल्या स्वरावर जी तिरकी रेघ असते, फाडा म्हणतात, ती सरकारी कॉम्प्युटरने गाळायची नाही, नाव माणूस लिहितो तसंच नोंदवायचं. तुम्हाला वाटेल एवढंसं काय त्यात. ज्यांचं नाव प्रत्येक फॉर्मवर चुकीचं छापून येतं त्यांना विचारा, आपल्यातल्या परदेशात राहणाऱ्या कुणालाही विचारलंत तरी कळेल.

युरोपची गोष्ट वेगळीच मजेशीर वळणं घेते. १९७३ ला आयर्लंड युरोपीय समुदायात गेलं तेव्हा आयरिशला फक्त करारांची भाषा एवढाच दर्जा मिळाला, कामकाजाची नाही, आणि त्यापेक्षा जास्त आयर्लंडच्या सरकारने मागितलंच नव्हतं. १ जानेवारी २००७ ला ती पूर्ण अधिकृत भाषा झाली पण भाषांतरकार पुरेसे नाहीत म्हणून बहुतेक कागदपत्रांना सूट होती, ती सूट जाऊन १ जानेवारी २०२२ पासून सगळं आयरिशमध्ये यायला लागलं. मधल्या काळात गेल्टाख्तमधल्या एका कुत्रा पाळणाऱ्या माणसाने सरकारवर केस केली. कुत्र्याच्या औषधाच्या पाकिटावर आयरिशमध्ये माहिती का नाही? युरोपचा नियम म्हणत होता देशाच्या अधिकृत भाषांत हवी, भाषा दोन आहेत, पाकिटावर एकच, इंग्रजी. सरकारचं म्हणणं की २०२२ मध्ये नवीन नियम येतोच आहे, मग एकाच भाषेत चालणार आहे, तर आता थोड्या दिवसांसाठी कशाला. युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की तसं नाही चालणार, आज नियम आहे तर आज पाळायचा आणि देशातल्या कोर्टाने दाद दिलीच पाहिजे. निकालाची तारीख १७ मार्च २०२१, सेंट पॅट्रिक्स डे, आयर्लंडचा राष्ट्रीय सण! काही लोक म्हणाले एवढ्या छोट्या गोष्टीसाठी एवढी केस कशाला. मला अजिबात तसं वाटत नाही. औषधाचं पाकीट, बिल, पत्र, बसचा बोर्ड, भाषा इथेच तर असते, भाषणात थोडीच असते.

उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे जो भाग ब्रिटनकडे राहिला तिथे, गोष्ट कितीतरी कठीण होती. तो १७३७ चा कायदा तिथे एकविसाव्या शतकातही जिवंत होता. बेलफास्टमधल्या एकाने कोर्टातला अर्ज आयरिशमध्ये करू द्या म्हणून आव्हान दिलं आणि तो हरला, कायदा लागू आहे म्हणून. वेल्सला १९९३ मध्ये, स्कॉटलंडच्या गेलिकला २००५ मध्ये स्वतःचा भाषा कायदा मिळाला, उत्तर आयर्लंडला मात्र २००६ च्या सेंट अँड्र्यूज करारात वचन देऊनही नाही.

पण तिथल्या लोकांनी कायद्याची वाट बघितली नाही. पश्चिम बेलफास्टमध्ये शॉज रोडला काही तरुण जोडप्यांनी, आयरिश ही त्यांचीही मातृभाषा नव्हती, शिकलेली भाषा होती, १९६९ मध्ये शेजारी शेजारी घरं बांधली आणि ठरवलं की घरात आणि गल्लीत आयरिशच बोलायचं. मग मुलं झाली, शाळा हवी. शिक्षणखात्याने ताकीद दिलेली की अशी शाळा काढलीत तर कारवाई करू. त्यांनी १९७१ मध्ये काढलीच, नऊ मुलांची शाळा. काळ कुठला तर बाहेर बॉम्ब फुटतायत, सैन्य रस्त्यावर आहे. सरकारी पैसा मिळाला १९८४ मध्ये, म्हणजे तेरा वर्षं लोकांनी वर्गणी काढून, दारोदार फिरून चालवली. आज उत्तर आयर्लंडमध्ये आयरिश माध्यमात सात हजारांच्या वर मुलं शिकतायत आणि त्या सगळ्याची सुरुवात त्या नऊ मुलांपासून आहे. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जवळची वाटते ती ही गोष्ट. घर पहिलं, मग शाळा, मग कायदा. दक्षिणेत उलटं केलं.

दक्षिणेतही रेडिओची गोष्ट अशीच आहे. १९६९ मध्ये गेल्टाख्तच्या तरुणांनी नागरी हक्काची चळवळ सुरू केली आणि १९७० ला बेकायदेशीर रेडिओ स्टेशन चालवून दाखवलं, सरकारला लाज वाटावी म्हणून. २ एप्रिल १९७२ ला सरकारी रेडिओ ना गेल्टाख्ता सुरू झाला. टीव्हीला १९९६ उजाडलं, आज त्याला टीजी फोर म्हणतात आणि आमच्याकडे रग्बी, फुटबॉल सगळं त्यावर बघितलं जातं, आयरिश कळत नसलेली मंडळीही बघतात.

उत्तरेत पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. डिसेंबर २०१६ मध्ये, नाताळच्या दोन दिवस आधी, गरीब मुलांना डोनेगलच्या गेल्टाख्तमध्ये उन्हाळी वर्गाला जायला मिळणारी ५०,००० पौंडांची मदत मंत्र्याने बंद केली. पन्नास हजार, सरकारच्या हिशोबात काहीच नाही. पण त्याने लोक इतके खवळले की ती मदत काही आठवड्यांत परत द्यावी लागली. जानेवारी २०१७ मध्येच तिथले उपप्रथममंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि सरकार पडलं, त्याचं मुख्य कारण एक ऊर्जा घोटाळा होता, पण पुढची तीन वर्षं सरकार परत बसेना त्यात भाषा कायदा हा मोठा अडसर होता. मे २०१७ ला बेलफास्टमध्ये प्रचंड लाल मोर्चा. २०२० च्या जानेवारीत समझोता झाला, आणि तरीही तिथल्या विधानसभेला कायदा करता आला नाही, डिसेंबर २०२२ मध्ये लंडनच्या संसदेने केला. आयरिशला अधिकृत मान्यता, भाषा आयुक्त, आणि १७३७ चा कायदा रद्द करायची तरतूद. २८५ वर्षं!

कायदा लोकांना न विचारता वरून आला तर काय होतं ते बघायचं असेल तर केरीतल्या डिंगल गावाला जा. २००४ मध्ये सरकारने आदेश काढला की गेल्टाख्तमधल्या गावांची फक्त आयरिश नावंच अधिकृत, पाट्यांवरून इंग्रजी नाव गेलं. हेतू चांगलाच होता. पण डिंगल हे पर्यटनावर जगणारं गाव, जगभर त्याच नावाने माहीत, आणि आदेशात जे आयरिश नाव दिलं ते वेगळ्याच काउंटीतल्या दुसऱ्या गावाचंही आहे. लोक चिडले, रात्री पाट्यांवर स्प्रेने जुनं नाव लिहायला लागले, २००६ मध्ये गावाने मतदान करून दोन्ही नावं मागितली, आणि २०११ मध्ये कायदा बदलून सरकारने ते मान्य केलं. यातली बरीच माणसं आयरिश बोलणारीच होती. भाषेचा राग नव्हता त्यांना, आम्हाला विचारलं का नाही याचा होता.

आपल्याशी याचा संबंध काय असं कुणी विचारेल म्हणून एक सांगते. भारताच्या राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडच्या याच १९३७ च्या घटनेवरून घेतली आहेत, शाळेत आपण पाठ केलंय ते. पण भाषेचं आठवं कलम आपण घेतलं नाही, आणि आपल्या परिस्थितीत ते बरोबरच होतं, इतक्या भाषा असताना एकीला राष्ट्रभाषा म्हणणं म्हणजे बाकीच्यांवर अन्याय. आपल्याकडे ३४८व्या कलमानुसार सुप्रीम कोर्टाची आणि हायकोर्टांची भाषा मुळात इंग्रजी, आणि महाराष्ट्राने मराठीत केलेल्या कायद्याचा सुद्धा इंग्रजी मजकूर अधिकृत धरला जातो. बरोबर उलटं चित्र. कोट्यवधी बोलणारे असलेल्या भाषेला कोर्टात शेवटचा शब्द नाही आणि सत्तर हजारांच्या भाषेला आहे. म्हणून मला वाटतं दोघांनी एकमेकांकडे बघावं. आपल्याकडे माणसं आहेत, त्यांच्याकडे कलम आहे.

जतन करण्याचं काम त्यांनी अफाट केलंय यात वाद नाही. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे ५,००० शाळांतल्या मुलांना वह्या देऊन सांगितलं की घरी जा, आजीआजोबांना विचारा आणि लिहून आणा, गोष्टी, औषधं, भुतं, विहिरी, खेळ, हवामानाचे अंदाज, जे असेल ते. साधारण ७,४०,००० पानं जमली, काही आयरिशमध्ये, बरीच इंग्रजीत. आता सगळं स्कॅन करून ऑनलाइन ठेवलंय आणि लोक घरबसल्या हस्ताक्षर वाचून टाइप करून देतात. शाळेत जाणाऱ्या पोरांच्या हातचं आहे ते, शाईचे डाग सुद्धा दिसतात. तासन्तास वाचत बसावं असं आहे.

पण वहीत भाषा राहते, गावात राहायला माणसं लागतात, आणि आत्ता खरी लढाई तिथे आहे. २००७ मध्ये सरकारनेच करवून घेतलेल्या गेल्टाख्तच्या मोठ्या अभ्यासात संशोधकांनी एक उंबरठा सांगितला होता, गावातले ६७ टक्के लोक रोज बोलत असतील तर ती गावाची भाषा म्हणून टिकते, त्याखाली गेलं की घसरण थांबवणं कठीण. आणि मजबूत गेल्टाख्तमध्येसुद्धा ती १५-२० वर्षांत गावाची मुख्य भाषा राहणार नाही असं भाकीत केलं होतं. २०१५ मध्ये पुन्हा बघितलं तर म्हणाले परिस्थिती आम्ही म्हटलं त्याहून वाईट आहे, दहाच वर्षं धरा. २०१२ चा गेल्टाख्त कायदा आला, २६ भाषा नियोजन क्षेत्रं पाडली, प्रत्येकाचा आराखडा, भाषा नियोजन अधिकारी. हे अधिकारी जीव तोडून काम करतात, पाळणाघर, तरुण मुलांचे क्लब, नव्याने आलेल्यांसाठी वर्ग. पण घरांवर त्यांचा काहीच अधिकार नाही.

आणि प्रश्न घरांचाच आहे. माझ्यासोबत काम करणारी एक जण कॅरारोची आहे, कोनमारातलं अगदी पक्कं आयरिश बोलणारं गाव. तिला आणि तिच्या नवऱ्याला तिथे भाड्याने घर मिळत नाही. घरं नाहीत असं नाही, कितीतरी घरं हिवाळाभर बंद असतात, उन्हाळ्यात सुट्टीला येणाऱ्यांना आठवड्याच्या हिशोबाने दिली जातात, विकायला निघालं तर डब्लिनचा माणूस रोख किंमत देऊन घेतो. स्वतःच्या आईवडिलांच्या जमिनीवर बांधायचं तर परवानगीच्या अटी, सांडपाण्याचे नियम, निसर्गसौंदर्य क्षेत्र, एकदा नाकारलं की परत वर्ष. म्हणून ती इथे शहरात राहते आणि तिची मुलं शहरातल्या पाळणाघरात इंग्रजी बोलतात. घरी ती त्यांच्याशी आयरिशच बोलते पण मुलं उत्तर इंग्रजीत द्यायला लागलीत, हे सांगताना तिचा चेहरा मला बघवत नाही. एक कुटुंब गेलं म्हणजे गावच्या शाळेतली दोन मुलं गेली, आणि चार खोल्यांच्या शाळेत दोन मुलं म्हणजे पुष्कळ असतात.

नियोजनाच्या कायद्यात भाषेचा विचार करायचा असं २००० पासून लिहिलेलं आहे. गॉलवे काउंटीत अशीही अट घालतात की गेल्टाख्तमध्ये एकापेक्षा जास्त घरं बांधली तर त्यातला ठरावीक वाटा काही वर्षं आयरिश बोलणाऱ्यांसाठीच राखून ठेवायचा. पण ही अट नव्या बांधकामाला, जुनं घर विकताना कोण विचारतो? आणि जास्त कडक करायला गेलं की युरोपची भीती दाखवतात. २०१३ मध्ये बेल्जियमच्या फ्लेमिश भागातला एक नियम, की इथे घर घ्यायचं तर तुमचा या भागाशी पुरेसा संबंध हवा, युरोपच्या न्यायालयाने युरोपच्या कायद्याविरुद्ध ठरवला, तेव्हापासून इथलं सरकार हात आखडून आहे. माझं म्हणणं आहे की तो निकाल वेगळ्या परिस्थितीतला होता. स्थानिक माणसाला राखीव ठेवणं वेगळं आणि भाषा टिकवायला राखीव ठेवणं वेगळं, भाषा कुणीही शिकू शकतं, मीसुद्धा. उद्या मी चांगलं आयरिश शिकले आणि तिथे राहून रोज बोलायला लागले तर त्या अटीत मी बसले पाहिजे, सांगलीची असले तरी. हे कोर्टात नीट मांडायला कुणीतरी पुढे यायला हवं, जसे ते ड्रायव्हर आणि कुत्र्यावाले आले.

बानू नावाचा एक गट यासाठी गावोगाव सभा घेतोय, निदर्शनं करतोय. त्यांच्या मागण्या साध्या आहेत, गेल्टाख्तसाठी घरांचं वेगळं धोरण, सुट्टीच्या घरांवर मर्यादा, स्थानिक तरुणांना आपल्या जमिनीवर बांधायची सोय. २०३० पर्यंत २० टक्के सरकारी नोकर आयरिश येणारे लागणार आहेत, मग ते येणार कुठून, तर याच गावांतून यायला हवेत, आणि त्या नोकऱ्यांतल्या काही कॅरारोला, डोनेगलला बसून करता आल्या तर दोन्ही प्रश्न एकत्र सुटायला लागतील, ऑनलाइन कामाची सोय आता आहेच. पुढची जनगणना २०२७ ला आहे. त्यात ४० टक्क्यांचा आकडा वर गेला की पेपरात मथळे येतील, मी मात्र आधी गेल्टाख्तचा तो २०,२६१ चा रकाना उघडणार आहे, आणि त्याच्या शेजारी त्याच गावांमधल्या बंद घरांचा.